सुटकेची पेटी

फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या मरीन खात्यात माझं नोकरीतलं आयुष्य गेलं. हल म्हणजे जहाज, कार्गो म्हणजे माल, वॉर रिस्क म्हणजे युद्धजोखीम यांच्या फायली आमच्या टेबलांवर दिवसभर फिरत असत. एक पॉलिसी मात्र कधी टेबलावर आली नाही. ती वरिष्ठांच्या कपाटात असे आणि तिचा विषय कँटीनमध्येही निघत नसे. तिचं नाव ‘किडनॅप अँड रॅन्सम’, आमच्या बोलीत ‘के अँड आर’. माणसाला पळवून नेलं आणि खंडणी देऊन सोडवावं लागलं, तर दिलेली रक्कम भरून देणारा हा विमा.

बड्या कंपन्यांचे संचालक, तेलविहिरींवरचे इंजिनियर, अब्जाधीशांची मुलं यांच्यासाठी लंडनने काढलेली ही सोय, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास निराळं सांगतो. सुटकेच्या पैशाची तरतूद आधीच वर्गणी काढून करून ठेवावी, ही कल्पना दर्यावर राबणाऱ्या माणसांची आहे आणि ती चारशे वर्षं जुनी आहे. मी दाभोळचा. आमच्या खाडीकाठच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसं बोटीवर गेली. म्हणून हा इतिहास मला खलाशाच्या बाजूने सांगायचा आहे.

सोळाव्या आणि सतराव्या शतकात युरोपातून दक्षिणेकडे निघालेल्या खलाशाला वादळाइतकीच अल्जियर्सची धास्ती असे. अल्जियर्स, ट्युनिस, त्रिपोली या बंदरांतून निघणारी लढाऊ गलबतं व्यापारी जहाजं धरत, माल विकत आणि माणसांना गुलाम करत. हे एकतर्फी नव्हतं. माल्टा आणि लिव्होर्नोच्या बंदरांत मुसलमान कैदी तसेच वल्ही मारत होते. दोन्ही किनाऱ्यांवर पकडलेल्या माणसाची किंमत ठरलेली असे आणि ती भरणारा कोणी निघाला तर माणूस सुटे.

भरणारे आधी धर्मसंस्थांचे लोक होते. ११९८ साली त्रिनितारियन पंथ निघाला. आपल्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बंदिवानांच्या सुटकेसाठी बाजूला काढायचा, हा त्यांचा नियमच होता. १२१८ मध्ये बार्सिलोनात मर्सेडेरियन पंथ त्याच कामासाठी उभा राहिला. हे साधू पैशाच्या थैल्या घेऊन अल्जियर्सला जात, घासाघीस करत आणि जेवढी माणसं सुटतील तेवढी घेऊन परत येत. त्यांनी सोडवलेल्यांत एक स्पॅनिश शिपाई होता, मिगेल दे सर्व्हांतेस. पुढे ‘डॉन किहोते’ लिहिणारा तोच. १५७५ साली तो पकडला गेला तेव्हा त्याच्याजवळ बड्या सेनापतीची शिफारसपत्रं सापडली. ती पाहून पकडणाऱ्यांना वाटलं, हा कोणी मोठा मनुष्य आहे, आणि त्यांनी त्याची किंमत वाढवली. घरच्यांना ती झेपेना. पाच वर्षं तो अल्जियर्सला अडकला. १५८० मध्ये त्रिनितारियन साधूंनी कमी पडलेले पैसे तिथल्या व्यापाऱ्यांकडून गोळा करून ५०० एस्कुदो भरले, तेव्हा कुठे तो सुटला.

ही हकीकत मी नव्या मुलांना मुद्दाम सांगत असे. आजच्या के अँड आर पॉलिसीत ‘विमा असल्याचं कोणाला कळू देऊ नये’ अशी अट असते. कित्येकदा ज्याचा विमा उतरवला त्यालाही ते सांगितलेलं नसतं. त्या अटीचं कारण सर्व्हांतेसच्या खिशातल्या पत्रांत आहे. मागे पैसा उभा आहे हे कळलं, की मागणी चढते.

धर्मसंस्थांचा हात कॅथलिक देशांपुरता. उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंट बंदरांना असे साधू नव्हते. तिथे बंदिवानांच्या बायका दारोदार फिरत, चर्चमध्ये वर्गणी मागत, सरकारदरबारी अर्ज करत. हॅम्बुर्गची जहाजं स्पेन-पोर्तुगालच्या व्यापारात होती, ती सापडू लागली. तेव्हा १६२२ साली तिथल्या कप्तानांनी आणि जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी आपापसांत एक निधी उभा केला. जाण्याआधी प्रत्येकाने वर्गणी भरायची, कोणी पकडला गेला तर त्या निधीतून सोडवायचं. आपल्याकडच्या भिशीसारखीच ही व्यवस्था. फक्त नंबर कोणाचा लागेल हे समुद्र ठरवणार. ज्या नाण्यात खंडणी द्यावी लागे त्या स्पॅनिश नाण्यावरून या निधीला नावही पडलं.

पण ती वर्गणी साध्या खलाशाला परवडणारी नव्हती. कप्तान परत येई, डेकवरचा पोऱ्या तिथेच राही. हे शहराला खटकलं, ही मला हॅम्बुर्गची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. दोनच वर्षांनी, १६२४ मध्ये, शहराच्या नाविक खात्याच्या देखरेखीखाली ‘स्क्लाव्हेनकासे’ म्हणजे गुलामांची पेटी सुरू झाली. ती ऐच्छिक नव्हती. खलाशाने आपल्या पगारातून भरायचं, जहाजमालकानेही भरायचं, आणि वर चर्चमधून लोकांची मदत. पुढे ल्युबेकने तशीच पेटी काढली, डेन्मार्कने १७१५ मध्ये काढली. मालक, कामगार आणि समाज तिघांनी मिळून भरलेला, कायद्याने सक्तीचा केलेला विमा जगात कुठे सुरू झाला, याचा शोध घेणारे अभ्यासक आज या पेटीपाशी येऊन थांबतात. बिस्मार्कच्या कामगार विम्याचं कौतुक आपण शाळेत वाचलं. त्याच्या अडीचशे वर्षं आधी हॅम्बुर्गच्या धक्क्यावर हे घडलं होतं.

कायद्यानेही हा विमा वेगळा मानला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८१ मध्ये सागरी व्यवहाराचा मोठा कायदा केला. त्यात माणसाच्या जिवाचा विमा उतरवायला बंदी होती, कारण जिवावर पैज लावण्याचा तो प्रकार ठरे. त्याच्याच पुढच्या कलमात बंदिवानाच्या सुटकेच्या रकमेचा विमा मात्र चालेल असं म्हटलं. जिवाला मोल नाही, पण सुटकेला खर्च येतो आणि तो खर्च मोजता येतो. इतकी स्वच्छ विचारसरणी मला नंतरच्या कायद्यांत फार थोड्या ठिकाणी दिसली.

आपल्या किनाऱ्यावरही अशी प्रकरणं घडली. नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची स्वतःची बोट कारवारला निघाली होती. तिच्यावर कारवारच्या वखारीचा नवा प्रमुख थॉमस चाउन आणि त्याची कोवळ्या वयाची गरोदर पत्नी कॅथरीन होती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने बोट गाठली. तोफेच्या गोळ्याने चाउनचा हात तुटला आणि तो पत्नीच्या मांडीवर गेला. तिला कुलाब्याच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आलं. बोलणी महिनोन्महिने चालली आणि फेब्रुवारी १७१३ मध्ये एक इंग्रज लेफ्टनंट ३०,००० रुपये घेऊन कुलाब्याला गेला व तिला परत घेऊन आला. इंग्रजी कागदांत कान्होजींना चाचा म्हटलं आहे. ते मला मान्य नाही. ते मराठी राज्याचे सरखेल होते, या किनाऱ्यावर परवाना घेतल्याशिवाय जहाज जाऊ न देणं हा त्यांचा अधिकार होता, आणि ही बोलणी दोन सत्तांमधल्या तहाबरोबरच चालली होती. त्या मुलीचे हाल मात्र हाल होते. तिच्या बाजूने पाहिलं तर किल्ला कोणाचा हा प्रश्न दुय्यम ठरतो. पैसे ईस्ट इंडिया कंपनीने भरले, कारण ती वखारीच्या प्रमुखाची पत्नी होती.

अठराव्या शतकात युरोपातल्या लढायांत आणखी एक रीत पडली. शत्रूच्या खासगी लढाऊ जहाजाने व्यापारी जहाज धरलं, की कप्तान तिथल्या तिथे खंडणीची हुंडी लिहून देई आणि जहाज सोडवून घेई. हुंडीच्या हमीसाठी आपला एक माणूस ओलीस ठेवून जाई. जहाज घरी पोचे, माल विकला जाई, आणि हुंडी वटेपर्यंत तो माणूस परदेशी तुरुंगात बसे. विमेवाले या हुंड्यांचा खर्च भरून देत. शत्रूच्या खिशात सरळ पैसा जातो म्हणून १७८२ मध्ये ब्रिटिश संसदेने अशी खंडणी देण्याला बंदी घातली. तो कायदा १८६४ मध्ये रद्द झाला. ही दोन वर्षं लक्षात ठेवावीत; दीडशे वर्षांनी लंडनच्या कोर्टात त्यांचा उल्लेख पुन्हा निघाला.

अल्जियर्स ते त्रिपोली या बार्बरी किनाऱ्याचा धोका एकोणिसाव्या शतकात संपला तशा खलाशांच्या पेट्याही बंद झाल्या. हा विमा पुन्हा जन्माला आला तो जमिनीवर. १ मार्च १९३२ च्या रात्री अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचं तान्हं मूल घरातून पळवलं गेलं. ५०,००० डॉलर देऊनही मूल परत आलं नाही. मे महिन्यात त्याचा मृतदेह सापडला. श्रीमंत घरांत घबराट पसरली आणि लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारात अपहरणाच्या पॉलिसी लिहिल्या जाऊ लागल्या. पुढची चाळीस वर्षं हा धंदा लहानच होता. तो वाढला १९७० च्या दशकात. १९७३ मध्ये रोममधून तेलसम्राट गेटी यांचा सोळा वर्षांचा नातू पळवला गेला, त्याचा कान कापून वर्तमानपत्राला पाठवण्यात आला, तेव्हा आजोबांनी पैसे सोडले. १९७४ मध्ये अर्जेंटिनात मोंतोनेरो बंडखोरांनी उद्योगपती घराण्यातल्या बोर्न बंधूंना पळवलं आणि सुमारे सहा कोटी डॉलर घेतले.

त्या रकमेने विमेवाले हादरले. नुसते पैसे भरून देत बसलो तर पुढची मागणी दुप्पट होईल, हे त्यांना कळलं. १९७५ मध्ये लंडनच्या एका विमा दलाल कंपनीच्या पंखाखाली ‘कंट्रोल रिस्क्स’ ही सल्लागार संस्था निघाली. तिच्यात माजी लष्करी अधिकारी होते. दोन वर्षांनी तिची दोन माणसं कोलंबियात एका अपहरणाची बोलणी करायला गेली, तर सरकारने त्यांनाच काही आठवडे तुरुंगात टाकलं. पण तिथून आजची पद्धत घडली. पॉलिसी विकत घेणाऱ्याला खंडणीची रक्कम आधी स्वतः उभी करावी लागते. विमा कंपनी ती नंतर भरून देते. त्यामुळे पलीकडच्याला खरोखरच पैसे जमवायला वेळ लागतो असं दिसतं. सल्लागाराचा खर्च विमा कंपनी करते. तो स्वतः फोनवर बोलत नाही, घरातला किंवा कंपनीतला एक माणूस बोलतो आणि सल्लागार शेजारी बसून काय बोलायचं ते सांगतो. माणूस जिवंत आहे याची खात्री करायला, फक्त त्यालाच माहीत असेल असा प्रश्न विचारतात. देकार वाढवायचा तो दर वेळी आधीपेक्षा कमी रकमेने. थैली रिकामी होत आली, हे त्यातून कळावं.

हे वाचायला थंडपणाचं वाटेल. मीही त्याकडे पुष्कळ वर्षं तसंच पाहिलं. लंडनमध्ये शिकवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ ॲन्या शॉर्टलँड यांनी २०१९ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्यात दाखवून दिलं, की लॉइड्समधले मूठभर विमेवाले एकमेकांना धरून असल्यामुळेच खंडणीचा दर आवाक्यात राहतो. घाबरून पटकन आणि भरपूर देणारा आपल्या माणसाला सोडवतो, पण पुढच्या माणसाची किंमत वाढवतो. हे मला पटतं. इटलीने उलटा मार्ग धरला. १९९१ च्या कायद्याने अपहरण झालेल्याच्या कुटुंबाची मालमत्ता गोठवायची आणि असा विमाच बेकायदा, असं ठरवलं. सरकारने असं करण्यामागचं कारण मला समजतं, पण ज्याचं माणूस गेलंय त्याच्या घरचे दोर कापून गुन्हा थांबवायचा, हे माझ्या मनाला कधीच मानवलं नाही.

मग २००८ साल उजाडलं आणि विषय पुन्हा समुद्रावर, म्हणजे आमच्या माणसांपर्यंत आला. सोमालियाच्या चाच्यांनी एडनच्या आखातात जहाजं धरण्याचा सपाटा लावला. मे २००८ मध्ये लंडनच्या विमेवाल्यांच्या समितीने तो भाग युद्धजोखमीच्या यादीत टाकला. नोव्हेंबरमध्ये वीस लाख पिंपं तेल भरलेलं ‘सिरियस स्टार’ पकडलं गेलं आणि जानेवारी २००९ मध्ये पॅराशूटने डेकवर पैसे टाकून सुटलं. पूर्वी कारखानदारांसाठी असलेल्या के अँड आर पॉलिसी आता जहाजमालक घेऊ लागले. २००५ ते २०१२ या काळात सोमाली किनाऱ्यावर १७९ जहाजं पळवली गेली आणि ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी दिली गेली, असा हिशेब जागतिक बँकेने केला.

खंडणी देणं कायदेशीर आहे का, हा प्रश्न कोर्टात गेला. ऑगस्ट २००८ मध्ये ‘बुंगा मेलाती दुआ’ हे मलेशियाचं जहाज पकडलं गेलं होतं आणि सहा आठवड्यांत खंडणी देऊन सुटलं. त्यावरच्या जैवइंधनाच्या मालकाने दावा केला, की जहाज धरलं त्याच क्षणी माल पूर्ण बुडाला असं समजा. खंडणी देणं सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, म्हणून सुटकेची आशा हिशेबात धरू नका. जानेवारी २०११ मध्ये लंडनच्या अपील कोर्टाने ते फेटाळलं. खंडणीला बंदी घालणारा १७८२ चा कायदा कधीच गेला, माणसं आणि माल सोडवण्याचा दुसरा मार्ग समोर नाही, म्हणून देणं बेकायदा नाही, असा निकाल झाला. दहशतवादी संघटनांना दिलेली खंडणी विमेवाल्यांनी भरून देऊ नये, असं ब्रिटनने २०१५ मध्ये कायद्याने स्पष्ट केलं. साध्या चाच्यांच्या बाबतीत मार्ग खुला राहिला.

खुला राहिला, पण ज्याच्या मालकाकडे पैसा आणि पॉलिसी आहे त्याच्यासाठी. सप्टेंबर २००८ मध्ये ‘स्टोल्ट व्हॅलर’ धरलं गेलं, त्यावरच्या २२ जणांत १८ भारतीय होते, ते दोन महिन्यांत सुटले. त्याच समुद्रात २९ मार्च २०१० ला ‘आइसबर्ग १’ हे जुनं मालवाहू जहाज सापडलं. त्यावर २४ माणसं होती, येमेनी, भारतीय, घानाचे, पाकिस्तानी, सुदानी, फिलिपिनो. मालकाने हात वर केले. बोलणारा कोणी नाही, भरणारा कोणी नाही. एका खलाशाने जीव दिला, आणखी एक परतलाच नाही. २३ डिसेंबर २०१२ ला, पावणेतीन वर्षांनी, सोमालियातल्या पुंटलँडच्या सागरी पोलिसांनी जहाजाला वेढा घालून उरलेल्या बावीस जणांना सोडवलं. १६२४ मध्ये हॅम्बुर्गचा पोऱ्या यापेक्षा सुरक्षित होता, असं मी लिहितो ते विचारपूर्वक लिहितो. त्याच्या नावाने पेटीत पैसे होते.

पैसे असूनही न भागल्याचं उदाहरण ‘अस्फाल्ट व्हेंचर’चं. सप्टेंबर २०१० मध्ये १५ भारतीयांसह ते पकडलं गेलं. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, तर चाच्यांनी आठ जणांना सोडलं आणि सात जणांना उतरवून किनाऱ्यावर नेलं. भारतीय नौदलाने पकडून मुंबईच्या तुरुंगात ठेवलेले आमचे साथीदार आधी सोडा, अशी त्यांची मागणी होती. ते सात जण ३० ऑक्टोबर २०१४ ला सुटले. चार वर्षांहून अधिक. विम्याची सगळी रीत, सगळं गणित त्या एका दिवशी फोल ठरलं. पकडलेल्या चाच्यांवर खटला चालवण्याचं भारताचं धोरण मला योग्यच वाटतं, आणि म्हणूनच त्या सात घरांचं ओझं सगळ्या देशाचं होतं असंही वाटतं.

त्या काळात गावची एक बाई मला भेटायला ऑफिसात आली होती. मुलगा ओमानच्या पुढे धरलेल्या बोटीवर होता. तिने विचारलं, “भाऊ, बोटीचा विमा असतो, मालाचा असतो, तर माझ्या पोराचा नसतो काय हो?” मी तिला काय सांगणार? असला तरी मालक ते कबूल करणार नव्हता, कारण कबूल केल्यास किंमत चढली असती. नसला तरीही तो गप्पच राहिला असता. गुप्ततेची अट मला नोकरीत पटली होती, पण तिच्यासमोर त्या अटीचा दुसरा अर्थ कळला. बाहेरच्याला कळू नये हे बरोबर, पण त्याच पडद्याआड हात झटकणारा मालकही लपतो. पगार थांबला होता, एजंट फोन उचलत नव्हता. तिचा मुलगा पुढे परत आला. परत आल्यावर त्याने बोटीचं नाव घरात काढू दिलं नाही.

पगाराचा प्रश्न तेवढा सुटला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. खलाशी चाच्यांच्या ताब्यात असेपर्यंत त्याचा नोकरीचा करार चालू राहतो, मुदत संपली असली तरी, आणि पगार घरी पाठवत राहणं मालकावर बंधनकारक आहे. सुटकेच्या खर्चाची जबाबदारी मात्र आजही कोणावर सक्तीने टाकलेली नाही. पॉलिसी घ्यायची की नाही हे मालक ठरवतो.

धोका संपला असं म्हणणाऱ्यांनी मार्च २०२४ आठवावा. ‘रुएन’ हे पळवलेलं जहाज आपल्या नौदलाने चाळीस तासांच्या कारवाईनंतर सोडवलं, १७ माणसं वाचवली आणि ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. नौदल प्रत्येक वेळी जवळ असेलच असं नाही.

माझं मागणं खलाशांच्या संघटनांकडे आणि जहाजवाहतूक महासंचालनालयाकडे आहे. भारतीय खलाशी घेणाऱ्या प्रत्येक मालकाकडून माणशी ठरावीक वर्गणी घ्या, खलाशाच्या पगारातूनही थोडी कापा, आणि मालक पळून गेलेल्या बोटीवरच्या माणसांसाठी तो निधी राखून ठेवा. हॅम्बुर्गने हे चारशे वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. आणि ज्यांच्या घरचं पोर आज बोटीवर निघालंय त्यांना सांगणं असं: एजंटकडे महासंचालनालयाचा परवाना आहे का ते तपासा, बोटीचा आयएमओ क्रमांक, म्हणजे तिचा कायमचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा, पी अँड आय क्लबचं, म्हणजे जहाजमालकांच्या जबाबदारी-विमा संघाचं, प्रमाणपत्र चालू आहे का ते विचारा, आणि कराराची एक प्रत घरात ठेवून मगच त्याला निरोप द्या.